दोन्हीकडे कापूस

"परीक्षेला बसलेच नाही, तरी पास! आहे का कुणाकडे एवढी अक्कल?"

भिंगरीने निकालाची चिठ्ठी पताकेसारखी उंच धरली आणि आठव्या महिन्याचं पोट दुसऱ्या हाताने सावरत दवाखान्याच्या ओसरीत एक गिरकी घेतली. बाकावरच्या बायका खिदळल्या. एकीने चक्क शिट्टी मारली. भिंतीला टेकून तिची मैत्रीण शिडी उभी होती. एवढी उंच, की दारातून आत येताना तिला दर वेळी मान वाकवावी लागायची. ती एकटी हसली नाही. आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

निकाल वाटणाऱ्या चिठ्ठीमावशीच्या हातात पुढची चिठ्ठी होती, ती तशीच हातात राहिली.

"काय म्हणालीस गं?"

"कुठं काय? गंमत केली, मावशी."

"परीक्षेला बसले नाही म्हणालीस."

"अगं, बोलायची पद्धत असते एक!" असं म्हणून भिंगरी पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. आठवा महिना लागलेली बाई इतक्या वेगाने पायऱ्या उतरते तेव्हा एक तर घराला आग लागलेली असते किंवा काहीतरी लपवायचं असतं.

आणि घराला आग लागलेली नव्हती.

दवाखाना म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दोन खोल्या, एक ओसरी आणि एक फ्रिज. गल्ली कसली, ते सगळ्या शहराला ठाऊक होतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. इथल्या बायका धंदा करायच्या. चिठ्ठीमावशीनेही अठरा वर्षं केला होता, समोरच्याच घराच्या वरच्या मजल्यावर. आता नऊ वर्षं ती दवाखान्याची बाई होती. म्हणजे डॉक्टरीणबाईंचं बोलणं बायकांना समजावायचं, बायकांचं बोलणं डॉक्टरीणबाईंना समजावायचं, आणि दोघींनी एकमेकींवर डोळे वटारले की मध्ये उभं राहायचं. या कामाला कागदावर काहीतरी भारदस्त नाव होतं. मावशीला ते कधी पाठ झालं नाही.

या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मोजणी काढली होती. रक्तातून पसरणारी कावीळ, 'ब' प्रकारची, गल्लीतल्या किती जणींच्या अंगात आहे ते बघायचं. ज्यांच्या अंगात नाही त्यांना लस द्यायची: आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी.

"पण कावीळ झाली की डोळे पिवळे होतात ना? मग डोळे बघा की, रक्त कशाला?" असं पहिल्याच दिवशी बायकांनी विचारलं होतं.

"ही लबाड आहे," मावशीने सांगितलं होतं. "वीस वर्षं घरात राहते, पण भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी तोंड दाखवत नाही."

मोजणीत नाव विचारायचं नाही असं ठरलं. ते बरंच झालं, कारण गल्लीत प्रत्येकीला तीन तरी नावं होती. एक गिऱ्हाइकासाठी, एक पोलिसांसाठी आणि एक गावाकडे सोडून आलेलं. त्यापेक्षा आकडे बरे. मावशीचं अक्षरांशी कधी जमलं नव्हतं, आकड्यांशी मात्र चांगली मैत्री होती. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीचे तिने चौऱ्याऐंशी चौकोन कापले, त्यांवर आकडे घातले, बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि दारोदार डबा खुळखुळवत फिरली. ज्या हाताला जी चिठ्ठी लागेल ती तिची. कुणाचा आकडा कुठला ते ज्याचं त्याला माहीत. चिठ्ठी दाखवायची, रक्त द्यायचं, दोन आठवड्यांनी चिठ्ठी दाखवून निकाल न्यायचा. निकालाच्या कागदावर आडवी रेघ असेल तर अंगात काही नाही. फुली असेल तर आहे.

आकडे बघायचं काम मावशीचं होतं. चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या तिने स्वतः तपासल्या होत्या, एकही चुकली नव्हती. या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता की डॉक्टरीणबाई "शाब्बास" म्हणाल्या तेव्हा तिने "त्यात काय" म्हणून हात झटकला आणि मग दिवसभर स्वतःशीच हसत फिरली.

आणि आता भिंगरी म्हणत होती, परीक्षेला बसलेच नाही.

मावशीला एकदम आठवलं. रक्त घ्यायच्या दिवशी दुपारी शिडी ओसरीच्या पायरीवर बसली होती. दोन्ही कोपरं दुमडलेली, दोन्हीकडे कापूस दाबलेला. मावशीने जाता जाता विचारलंही होतं, "नस सापडली नाही का गं?" आणि शिडी म्हणाली होती, "हो ना, लपून बसली होती."

शेवटची बाई निकाल घेऊन गेली. शिडी हळूच सटकायला बघत होती. मावशीने तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"बस."

"मावशी, भांडी पडलीत."

"भांडी पळून जात नाहीत. तू जातेस. बस इथं, आणि हात दाखव."

शिडीने हात पुढे केले. दोन आठवड्यांत टोचल्याच्या खुणा कधीच पुसल्या होत्या. पण हात पुढे करतानाच तिचा चेहरा असा पडला की खुणेची गरजच उरली नाही.

"तिला सुईची भीती वाटते गं. लांबून दिसली तरी भोवळ येते. मी सकाळी माझं दिलं. जेवणानंतर सिस्टर बदलली, मग डोक्यावरून ओढणी घेऊन तिची चिठ्ठी दाखवली. तू बघितलीस की! आकडा वाचलास आणि म्हणालीस, जा आत."

मावशीने आकडा वाचला होता. चेहरा बघितला नव्हता.

"मला दोन हात आहेत," शिडी म्हणाली. "एक माझा, एक तिचा."

आता यावर रागवायचं तरी कसं? गल्लीत एकीच्या जागी दुसरीने उभं राहायचं, हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण मोडल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. नळाच्या रांगेत शिडी भिंगरीची कळशी भरायची. चौकीवर हजेरीला बोलावलं आणि एखादी तापाने फणफणलेली असली की दुसरी तिच्या नावावर "हजर" म्हणायची. मावशी स्वतः एकदा कुणाच्या तरी नावावर चौकीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसली होती, आणि सुटून आल्यावर त्या बाईने तिचे पाय चेपून दिले होते. या गल्लीत माणूस टिकतं ते याच्यावर.

"अगं पण रक्त म्हणजे काय कळशी आहे?" मावशी एवढंच म्हणाली.

"मला वाटलं, आकडा भरला की झालं," शिडी म्हणाली आणि रडायला लागली. उंच माणूस रडायला लागलं की बघणाऱ्याला उगीचच जास्त वाईट वाटतं.

डॉक्टरीणबाई मोजणीचा तक्ता भरत होत्या. वय जेमतेम तीस, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. मावशीने दारातच सांगून टाकलं.

"बाई, माझ्याकडून चूक झाली. चाळीस नंबरचं रक्त चाळीस नंबरचं नाही."

सगळं ऐकल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांनी तक्त्याकडे बघितलं. चौऱ्याऐंशीत सात फुल्या. शहरात शंभरात दोन-तीन निघतात, गल्लीत शंभरात आठ, असं त्यांनी सकाळीच मोठ्या आनंदाने लिहिलं होतं. म्हणजे आनंद फुल्यांचा नव्हे, उत्तर मिळाल्याचा.

"आणखी किती जणींनी असं केलं असेल?"

"विचारून येते. कुणी दिलं नाही असं विचारलं तर कुणी सांगणार नाही. कोण कुणासाठी उभी राहिली असं विचारलं तर अभिमानाने सांगतील."

बाईंना हसू आलं. पण ते लगेच मावळलं.

"चाळीस नंबर... ती गरोदर आहे ती?"

"आठवा लागलाय."

"मावशी, तिचं रक्त आधी. बाकीच्या नंतर." बाई उठून उभ्याच राहिल्या. "मोठ्या माणसाच्या अंगात हा जंतू शिरला तर बहुतेक वेळा निघून जातो. पण जन्मताना आईकडून बाळाच्या अंगात शिरला, तर तो मुक्कामच..."

"मला सांगता?" मावशी म्हणाली.

बाई चष्मा वर सरकवून खिडकीबाहेर बघू लागल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लस आपल्या फ्रिजमध्ये आहे. ती तर पहिल्या दिवशी देऊच. पण आईच्या रक्तात असेल तर सोबत आणखी एक इंजेक्शन लागतं, तेही पहिल्या दिवसातच. ते इथं नसतं. मोठ्या इस्पितळातून मागवायला आठवडा जातो. आधी कळलं तरच उपयोग."

"कळेल," मावशी म्हणाली. तिला अजिबात खात्री नव्हती.

भिंगरीच्या खोलीकडे जाताना वाटेत टेलरचं दुकान लागायचं. टेलर चाळिशीचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला, गळ्यात टेप, बोलणं कमी. गेले वर्षभर त्याचं आणि भिंगरीचं जुळलं होतं. सुरुवातीला तो गिऱ्हाईक म्हणून यायचा, मग नुसताच यायचा, मग येताना तिच्या झंपरांना हुक लावून आणायला लागला. बाळ आपलंच आहे असं तो म्हणायचा. बाळंतपण झालं की दुकानामागच्या खोलीत तिला घेऊन जाणार होता. त्याची मोठी बहीण तेवढी आडवी आली होती, रक्त स्वच्छ असेल तरच आण म्हणाली होती.

मावशीला बघून त्याने मशीन थांबवलं. एवढा अबोल माणूस, पण आज चेहरा नुसता उजळला होता.

"मावशी! रेघ आली बरं का!" आणि त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. निकालाचा कागद तिथं होता. चार घड्या घातलेला.

मावशी काहीतरी पुटपुटली आणि चालू लागली.

भिंगरी खोलीत जुन्या ओढण्यांची दुपटी करत बसली होती. मावशी दारात दिसताच तिने सुई बाजूला ठेवली. ही सुई मात्र तिला चालायची.

"शिडीनं सांगितलं ना? पोटात काही राहत नाही तिच्या, एवढी उंच आहे तरी."

"उद्या सकाळी रक्त द्यायला ये."

"नाही."

"अगं..."

"मावशी, माझे डोळे बघ. आहेत का पिवळे? भूक लागते, झोप लागते, पोर लाथा मारतंय. मला काही नाही. आणि असलं तरी मला बघायचं नाही. तो कागद कुठं आहे माहीत आहे तुला?"

"त्याच्या खिशात."

"त्याच्या खिशात! बहिणीला दाखवून आला. आता ती म्हणते पाळणा तिच्याकडचा देईन. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला घराच्या आत घेतंय, मावशी. पुढच्या दारानं. आणि तू म्हणतेस, परत बघू या, फुली येते का ते!"

"त्या कागदावरची रेघ शिडीची आहे."

"मग शिडीला घेऊन जाऊ दे!"

बोलून गेल्यावर तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मावशी थोडा वेळ पाठीकडे बघत उभी राहिली, आणि परत आली.

पुढचे चार दिवस मावशीने गल्लीतली सगळी दारं पालथी घातली. कोण कुणासाठी उभी राहिली? आणखी दोघी सापडल्या, आणि दोघी अगदी छाती पुढे काढून बोलल्या. त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. भिंगरी मात्र बधली नाही. एकदा झोपलेली असायची, एकदा अंघोळीला गेलेली. एकदा तर दाराआडून स्वतःच ओरडली, "भिंगरी घरात नाही!"

पाचव्या दिवशी दुपारी मावशीने ओसरीत बसून फोन लावला. मुलीला. मुलगी सोळा वर्षांची, दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकणारी. फोन उचलल्यापासून ठेवेपर्यंत श्वास घ्यायलाही न थांबणारी.

"आई, थांब, आधी माझं ऐक. चारशे मीटरमध्ये मी पहिली आले. दुसरी कुठल्या कुठं मागे. आणि भूगोलाच्या बाई म्हणाल्या... बरं, तू बोल. तू कधी दुपारी फोन करत नाहीस. काय झालं?"

"एक विचारू?"

"गणित सोडून काहीही."

"तुझं ते... रक्ताचं. कुणाला सांगितलं तर चालेल का? एकीलाच. तिला बाळ व्हायचंय, आणि ती रक्त द्यायला तयार नाही."

पलीकडे शांतता. चक्क शांतता. मावशीने फोन कानावरून काढून बघितलं, बंद तर पडला नाही ना.

पाच वर्षांपूर्वी वसतिगृहात सगळ्या मुलींचं रक्त तपासलं तेव्हा कळलं होतं. मग मावशीचं तपासलं, आणि कुठून आलं तेही कळलं. मुलगी समोरच्याच घराच्या वरच्या मजल्यावर जन्मली होती. सुईण होती, गरम पाणी होतं, सगळं होतं. रक्ताचं कुणी विचारलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं.

"माझं नाव सांगणार?"

"नाव नाही. माझी मुलगी म्हणून."

"मग नीट सांग. रडत रडत सांगू नकोस. मी कोपऱ्यात खोकत पडलेली असते असलं काही चित्र उभं करू नकोस. चारशे मीटरचं सांग. सहा महिन्यांनी तपासून घेते आणि बाकी ठणठणीत आहे, असं सांग."

"बरं."

"आणि हेही सांग," आवाज जरा खाली आला, "की वर्षातनं दोन दिवस मला शाळेत खोटं कारण देऊन तपासायला जावं लागतं. त्या दोन दिवशी मला फार राग येतो. कुणाचा ते कळत नाही. तुझा नाही. पण येतो. ते राहू दे हवं तर."

"नाही," मावशी म्हणाली. "तेही सांगते."

त्या दिवशी भिंगरी घरात होती. मावशी न विचारता आत शिरली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"मी रक्त मागायला आले नाही. माझे डोळे बघ."

"काय झालं तुझ्या डोळ्यांना?"

"पिवळे आहेत?"

"नाहीत."

मावशीने झंपरात खोचलेला कागद काढून दुपट्यांवर ठेवला. सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलल्यावर डब्याच्या तळाशी उरली ती तिची होती: नंबर एक. पुढे फुली. फुली येणार हे तिला पाच वर्षांपासून माहीत होतं. तरी तिने हात पुढे केला होता. गल्ली मोजताय तर मलाही मोजा, असं म्हणून.

भिंगरीने कागद उचलला, उलटा केला, परत सुलटा केला.

"तू? अगं, तू माझ्या ताटात जेवतेस!"

"ताटातून येत नाही गं. रक्तातून येतं, अंगाला अंग लागून येतं. आणि आईकडून बाळाला जातं. माझ्या पोरीला माझ्याकडून काय काय मिळालंय सांगू? हे नाक. हा हट्टीपणा. आणि ही फुली."

मग तिने सगळं सांगितलं. जसं सांग म्हणून मुलीने बजावलं होतं तसंच, चारशे मीटरसकट. न रडता. वर्षातल्या दोन दिवसांपाशी मात्र तिचा आवाज घसरला, तेव्हा तिने दुपट्याचं टोक हातात धरून शिवण चांगली आलीय असं म्हटलं, आणि मग पुढे बोलली.

"एक इंजेक्शन होतं, भिंगरे. जगात होतं. मला माहीत नव्हतं एवढंच."

भिंगरीने फुलीचा कागद दुपट्यावर ठेवून तळहाताने सपाट केला. 

"फुली आली तर तो नेणार नाही मला," ती शेवटी म्हणाली.

"नेईल की नाही, मला माहीत नाही. नेईल असं खोटं सांगणार नाही मी. त्यालाही लस मिळते, तीन वेळा टोचली की त्याला भीती नाही, एवढं खरं आहे. पुढचं त्याच्यावर."

"आणि रेघच आली तर?"

"तर मी चारचौघांत कान धरून उठाबशा काढीन."

भिंगरीने पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली असावी, कारण हात जरा हलला.

"सुई मोठी असते का गं?"

"एवढीशी."

"खोटारडी. उद्या सकाळी येते. पण शिडीला सांग, हात धरायला यायचं. माझा हात. तिचा नाही टोचून घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जो आरडाओरडा झाला तो गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. सिस्टर दोनदा म्हणाली, "अहो, मी नुसता कापूस फिरवलाय अजून!" शिडीच्या मनगटावर नखांचे चार चंद्र उमटले. पण रक्त आलं. भिंगरीचं, स्वतःच्या हाताचं. डॉक्टरीणबाईंनी ते तातडीने तपासायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी फुली आली.

भिंगरीने कागद बघितला. "आता खरंच बसले परीक्षेला, तर..." एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यात सातचे आठ केले. खोडरबराने नाही, काट मारून. मग फोन उचलून मोठ्या इस्पितळाशी इतक्या जोरात बोलल्या की चष्मा टेबलावरच पडला.

टेलरला सांगायला भिंगरी एकटी गेली. अर्ध्या तासाने परत आली, तेव्हा मावशी पायरीवरच बसून होती.

"काय म्हणाला?"

"काही नाही. मशीनवर पाय चालू होता, तो थांबला. मी लशीचं सांगितलं. म्हणाला, बघू."

आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. मावशीने सरकून तिला जागा दिली. दोघी समोरून जाणाऱ्या हातगाडीकडे बघत बसल्या.

आठव्या दिवशी मोठ्या इस्पितळातून निरोप आला. मावशी बसने गेली आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसने आली. दोन तास, झाकणावर दोन्ही हात ठेवून. शेजारच्या माणसाने विचारलं, "मावशी, आइस्क्रीम का?"

"नातीचं आहे," मावशी म्हणाली. मुलगी होणार की मुलगा, कुणाला ठाऊक होतं? पण तोंडातून तेच आलं.

आणि झालीही मुलगीच. त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी अकराला, जवळच्या इस्पितळात. काळंभोर जावळ, मुठी घट्ट, आणि आवाज आईवर गेलेला. बारा वाजायच्या आत सिस्टरने दोन सुया आणल्या. एक लशीची, एक बर्फातून आलेली. एका मांडीत एक, दुसऱ्या मांडीत दुसरी. बाळ मावशीने धरलं होतं. बाळ किंचाळलं, लालबुंद झालं, मग मावशीचं बोट पकडून गप्प झालं.

शिडी वाकून बघत होती.

"दोन्हीकडे कापूस!" ती म्हणाली. "माझ्यासारखंच."

"हिचे मात्र दोन्ही हिचेच आहेत," भिंगरी खाटेवरून म्हणाली. दमलेली होती, तरी बोलल्यावाचून राहवलं नाही.

टेलर आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भिंगरीने दाराकडे बघणं तिसऱ्या दिवशी बंद केलं. घरी जायच्या दिवशी शिडी एक कागदी पुडी घेऊन आली. "दुकानावरून जात होते तर हाक मारली. ही दिली. बोलला काही नाही."

पुडीत झबलं होतं. पिवळसर, मऊ कापडाचं, शिवण इतकी बारीक की बोटाला लागत नव्हती. बंद नीट दुमडून शिवलेले, बाळाला टोचू नयेत म्हणून आतली कड उलटी घातलेली. माप कुठून काढलं होतं कोण जाणे, अगदी बरोबर बसलं. आणि पुढे, छातीपाशी, एवढासा खिसा.

"झबल्याला कुणी खिसा करतं का?" शिडी हसली. "पोर काय सुट्टे पैसे ठेवणार आहे?"

भिंगरीने खिशात बोट घातलं. आत एक कागद होता. चार घड्या घातलेला. तिने उघडला. आडवी रेघ. चाळीस नंबर.

 भिंगरीने कागद परत घडीवर घडी घालून मिटला आणि शिडीच्या हातात दिला.

"घे. तुझा आहे."

मग ती बाळाला कुशीत घेऊन उशीखाली काहीतरी चाचपायला लागली. इस्पितळाने दिलेलं लशीचं कार्ड. जाड कागदाचं, करकरीत. त्यावर रकाने आखलेले होते, आणि पहिल्या रकान्यात सिस्टरने निळ्या शाईने तारीख घातली होती. पुढचे रिकामे.

"मावशी, हे वाच. पुढची कधी?"

मावशीने कार्ड हातात घेतलं. या वेळी तिने आधी बाळाचा चेहरा बघितला, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग आकडा वाचला. दिवस सांगितला.

भिंगरीने कार्डाची एक घडी घातली, मग दुसरी. जाड कागद, सहज मिटत नव्हता. तिने अंगठ्याने दाबून दाबून घडी बसवली आणि कार्ड त्या एवढ्याशा खिशात घातलं.

बरोबर मावलं.